मुरलेली बोर्दो घेताना : बाटली कुठे निजली होती, ते आधी विचारा

दिवाळीला घरी जायची तिकिटं काढली की पुण्याहून दादाचा फोन येतो. "येताना एखादी जुनी फ्रेंच रेड आण गं, चांगली मुरलेली." मी फ्रान्समध्ये राहते, म्हणजे अशी बाटली कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असणार, असा त्याचा समज. मागणी ऐकून आनंद होतो, कारण मुरलेली बोर्दो, म्हणजे नैऋत्य फ्रान्समधल्या बोर्दो भागातली रेड वाइन, ही मला मनापासून आवडणारी गोष्ट आहे. काळजीही वाटते, कारण 'जुनी' आणि 'मुरलेली' यांत मोठं अंतर आहे. कैरीचं लोणचं दादरा बांधून थंड कोपऱ्यात ठेवलेल्या बरणीत मुरतं, आणि तेच लोणचं चुलीशेजारी उघडं राहिलं तर नासतं. दिवस दोन्हींवरून सारखेच गेलेले असतात. वाइनचंही तसंच आहे. पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी हा लेख लिहितेय. फ्रान्समध्ये किंवा लंडनमध्ये राहणाऱ्यांना तो जास्त उपयोगी पडेल, पण सहलीला येऊन दोन बाटल्या नेणाऱ्यांनाही पडावा.

आधी ही चव आपल्याला हवी आहे का, ते बघा

जगात बनणारी बहुतेक वाइन एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच बनते. ती दहा वर्षं ठेवली तर सुधारत नाही, नुसती फिकी पडते. मुरण्यासाठी वाइनच्या अंगात मुळातच तुरटपणा आणि आंबटपणा भरपूर असावा लागतो. तुरटपणा टॅनिनचा. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आक्रसते, तीच जात. कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाचे मणी लहान आणि साल जाड, म्हणून त्याच्या वाइनमध्ये टॅनिन जास्त. तरुण असताना ती तोंड आवळून टाकते. वर्षं जातात तसे टॅनिन आणि रंगद्रव्याचे कण एकमेकांना धरून जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. जीभ आवळणं कमी होतं, वाइन रेशमासारखी होते. रंग जांभळ्यावरून माणकासारखा आणि पुढे कडेला विटकरी होतो.

फळाचा ताजा वासही जातो. त्याच्या जागी वाळलेलं अंजीर, तंबाखूचं पान, चामडं, लाकडाची जुनी पेटी, अळंबी, ओल्या पाचोळ्याखालची माती असे वास येतात. मला ते फार आवडतात. पण नाशिकची ताजी, फळांनी भरलेली शिराझ आवडणाऱ्या कित्येकांना पहिल्या घोटाला वाटतं, हिचं काहीतरी बिघडलंय. म्हणून पहिल्याच खरेदीत चाळीस वर्षांच्या बाटलीकडे जाऊ नका. बारा ते वीस वर्षांची घ्या. तीत फळ अजून शिल्लक असतं आणि मुरल्याचा वासही लागलेला असतो.

कुठली घ्यायची

मुरणाऱ्या फ्रेंच रेड अनेक आहेत. बर्गंडीची पिनो न्वार, ऱ्होन खोऱ्यातली एर्मिताज, प्रोव्हाँसमधली बांदोल, ल्वार खोऱ्यातली शिनों. तरी नवख्या माणसाने बोर्दोपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. बर्गंडीत एकेका मळ्याचे डझनावारी मालक असतात आणि प्रत्येकाची बाटली वेगळी. ते समजेपर्यंत खिसा रिकामा होतो. बोर्दोत एका शातोची, म्हणजे स्वतःच्या मळ्यातून वाइन बनवणाऱ्या घराण्याची, मुख्य वाइन एकच, ती मोठ्या प्रमाणात बनते, आणि जुन्या बाटल्यांचा बाजार इतका मोठा आहे की भाव ताडून पाहता येतात.

गारोन आणि दोर्दोन्य या नद्या मिळून जिराँदची खाडी होते. तिच्या डाव्या काठावर मेदोक. तिथे गोट्यागोट्यांची जमीन आणि कॅबर्ने सोव्हिन्योंचं राज्य. सँत-एस्तेफ, पोयाक, सँ-ज्युलियँ आणि मार्गो ही इथली नामांकित गावं. उजव्या बाजूला, दोर्दोन्यच्या पलीकडे, पोमरोल आणि सँत-एमिलियाँ. तिथे मर्लो हे द्राक्ष जास्त, म्हणून वाइन लवकर मऊ पडते.

1855 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी मेदोकच्या शातोंची पाच पायऱ्यांची प्रतवारी झाली. ती आजही लेबलवर मिरवते. 1973 मध्ये मूतों रोथशिल्ड या शातोला पहिल्या पायरीवर चढवलं, हा तिच्यातला एकमेव मोठा बदल. पहिल्या पायरीचा विचार आपण सोडून देऊ. तिथले भाव श्रीमंत संग्राहकांनी ठरवलेले असतात. आपल्यासाठी खरी गंमत खालच्या पायऱ्यांवर आणि यादीबाहेर आहे. शातो कांतमेर्ल हे पाचव्या पायरीवरचं, यादी तयार झाल्यानंतर शेवटी जोडलं गेलेलं नाव. शातो ला लाग्यून तिसऱ्या पायरीवरचं. यादीत नसलेल्या शातो शास-स्प्लीन, पुझो, सोसियांदो-माले यांच्या वाइन वीस वर्षं आरामात मुरतात. थोडे जास्त पैसे असतील तर सँ-ज्युलियँमधलं ताल्बो किंवा ग्र्युओ लारोझ बघा.

लेबलवरच्या काही शब्दांनी भारावून जाऊ नका. 'ग्राँ व्हँ द बोर्दो' म्हणजे 'बोर्दोची थोर वाइन' हे कुणीही छापू शकतो. 'व्हिएय व्हिन्य', म्हणजे जुने वेल, यालाही कायद्याची व्याख्या नाही. 'मीझ आँ बुतेय ओ शातो', म्हणजे शातोतच बाटलीबंद केलेली, हे मात्र असावंच.

साल

लेबलवरचं साल म्हणजे द्राक्षं तोडली ते वर्ष. बोर्दोचं हवामान समुद्रकाठचं आणि लहरी आहे. वसंतात कडाका पडतो, तोडणीच्या तोंडावर पाऊस येतो. आपल्याकडे अवकाळीने नाशिकच्या बागा झोडपल्या की काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. तिथेही तेच. 1991 च्या एप्रिलमध्ये थंडीने कोंब जाळले, 1992 पावसात गेलं. 2007 आणि 2013 ही अलीकडची कमकुवत सालं. उलट 1982, 1990, 2000, 2005, 2009 आणि 2010 ही मोठ्या नावाची, म्हणून महागही.

नदीच्या दोन काठांचं साल वेगळं असू शकतं, हे लक्षात ठेवा. 1998 मध्ये मर्लो पावसाआधी तोडून झाली, कॅबर्ने पावसात सापडली. म्हणून ते वर्ष पोमरोल आणि सँत-एमिलियाँचं. 1996 मध्ये उशिरा पिकलेल्या कॅबर्नेला चांगलं ऊन मिळालं, म्हणून ते मेदोकचं.

माझा सल्ला : मोठ्या सालांच्या सावलीत राहिलेली वर्षं शोधा. 2001 ला 2000 ने झाकलं, 2004 ला 2005 ने, 2008 ला 2009 ने. ही सालं लवकर मुरतात आणि स्वस्त पडतात. 2005 किंवा 2010 च्या मेदोकमधल्या तालेवार बाटल्यांना पूर्ण खुलायला अजून वेळ हवा आहे. त्या आज उघडल्या तर पैसे मोजून तुरटपणाच हाती लागेल, असं पुष्कळदा होतं.

एका चांगल्या, पण अतिप्रसिद्ध नसलेल्या शातोच्या पंधरा-वीस वर्षांच्या बाटलीसाठी साधारण 40 ते 80 युरो हाताशी ठेवा. वाइन-सर्चर या संकेतस्थळावर शातोचं नाव आणि साल टाकलं की वेगवेगळ्या दुकानांचे भाव दिसतात. एखादीच बाटली सगळ्यांहून निम्म्या भावात दिसली, तर आनंद होण्याआधी कारण शोधा.

बाटली कुठे होती?

बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे चुकलं तर काहीच उरत नाही. वाइन मुरायला 12-13 अंश सेल्सियस तापमान, सत्तर टक्क्यांच्या आसपास दमटपणा, अंधार आणि शांतता लागते. बाटली आडवी हवी, म्हणजे बूच ओलं राहतं आणि आक्रसून हवा आत घेत नाही. जमिनीखालच्या चुनखडीच्या तळघरात हे सगळं आपोआप मिळतं. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या कपाटावर, एका उन्हाळ्यात ते सगळं जातं. 2003 च्या ऑगस्टमध्ये युरोपात उष्णतेची भयंकर लाट आली. त्या आधीची बाटली असेल तर 'त्या उन्हाळ्यात ही कुठे होती?' हा प्रश्न मी विचारतेच.

फ्रान्सला आले त्या पहिल्याच वर्षी पर्यटकांच्या गजबजलेल्या रस्त्यावरच्या एका दुकानातून मी 1989 ची मेदोक घेतली होती. साल उत्तम, शातो उत्तम. बाटली काचेच्या खिडकीत उभी, वर पिवळा दिवा. मला ती किती सुंदर दिसली होती! घरी उघडली, तर शिजवून करपलेल्या मुरंब्याचा वास आणि मागून व्हिनेगर. महिन्याचा किराणा येईल एवढे पैसे त्यात गेले होते. वाइनचा दोष नव्हता. तिला उजेडात आणि उबेत उभं केलं होतं, आणि ते मला दिसत असूनही मी विचारलं नाही.

म्हणून आधी विक्रेता निवडा, बाटली नंतर. विश्वासाचा क्रम माझ्या मते असा. सगळ्यात वर, थेट शातोच्या तळघरातून उशिरा निघालेली बाटली. शातो लातूरने 2012 मध्ये जाहीर केलं की वाइन पिंपात असतानाच आगाऊ विकायची बोर्दोची रीत ते सोडणार. आता ते तयार वाटेल तेव्हाच बाटल्या बाहेर काढतात. लातूर आपल्या आवाक्यातलं नाही, पण मेदोकमधली कित्येक साधी शातोही भेटीला आलेल्यांना आपल्याच तळघरातली दहा-पंधरा वर्षांची बाटली विकतात. आधी ईमेल करून जा आणि जुन्या सालांची यादी मागा. शातोतून निघून थेट तुमच्या हातात येणारी बाटली मध्ये कुठे तापायला जागाच नसते.

त्याखाली जुना, स्वतःचं तळघर असलेला वाइनविक्रेता. फ्रेंचमध्ये त्याला काव्हिस्त म्हणतात. पॅरिसमध्ये बुलव्हार ओसमानवरचं काव्ह ओझे हे 1850 पासूनचं दुकान. बोर्दो शहरात ल'आंतांदाँ नावाचं दुकान आहे. आत गोल जिना वर वर चढत जातो आणि भिंतीभर बाटल्या आडव्या निजलेल्या असतात. काही घ्यायचं नसलं तरी ते बघून या. लंडनला बेरी ब्रदर्स अँड रड 1698 पासून आहे. लंडनकर मराठी मंडळींना आणखी एक सोय आहे. तिथे पुष्कळ जुनी वाइन 'इन बाँड' विकली जाते, म्हणजे कर भरण्याआधी सरकारमान्य गोदामातच पडून असलेली. ती किती वर्षं तिथे आहे याची नोंद असते आणि गोदामाचं तापमान राखलेलं असतं. फक्त दिसणाऱ्या भावात मद्यकर आणि 20 टक्के व्हॅट धरलेला नसतो. सोडवून आणताना ते भरावे लागतात.

लिलाव त्याच्याही खाली. आयडियलवाइनसारख्या फ्रेंच लिलाव-संकेतस्थळावर प्रत्येक बाटलीची पातळी आणि लेबलची अवस्था लिहिलेली असते, फोटो असतात, आणि भाव कधी कधी खरंच चांगला मिळतो. पण बोलीवर लिलावगृहाचं कमिशन चढतं, तेव्हा मनातल्या आकड्याला आधीच पाचवा हिस्सा कापून बोली लावा. सगळ्यात शेवटी, 'आजोबांच्या तळघरात सापडली' म्हणून जुन्या बाजारात मिळणारी बाटली. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न थोडे आहेत. ही कुणाकडून आली? मालक एकच होता की अनेक? किती वर्षं तुमच्याकडे आहे? 'ऊ आतेल एते कोंसेर्व्हे?' म्हणजे 'ती कुठे ठेवली होती?' एवढं एक वाक्य पाठ करा. चांगला काव्हिस्त हा प्रश्न ऐकून खुलतो आणि सांगत सुटतो. जो खांदे उडवतो, त्याच्याकडून ताजी वाइन घ्या, जुनी नको.

हातात घेऊन तपासणं

बाटली हळूच उचला आणि उजेडासमोर धरा. हलवू नका, तळाशी गाळ आहे.

पहिली बघायची पातळी. बुचातून वर्षानुवर्षं थोडी थोडी वाइन उडत जाते आणि तेवढी हवा आत येते. बोर्दोच्या बाटलीला मान असते आणि खाली ठळक खांदे असतात, त्यामुळे मोजणं सोपं. वीस वर्षांपर्यंतच्या बाटलीत वाइन मानेत किंवा मानेच्या बुंध्याशी असायला हवी. तीस-चाळीस वर्षांची असेल तर खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत चालते. खांद्याच्या मध्यावर आली असेल तर तो जुगार आहे. त्याखाली असेल तर बाटली परत ठेवा, शातो कोणतंही असो. बर्गंडीच्या बाटलीचे खांदे उतरते असतात, म्हणून तिथे बुचापासून वाइनपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजतात.

मग बूच. वरचं वेष्टण बुचाने आतून वर ढकललेलं दिसतंय का? तसं असेल तर वाइन कधीतरी तापली, फुगली आणि तिने बूच रेटलं. वेष्टणाच्या कडेला चिकट, वाळलेले ओघळ असतील तर ती गळली आहे. ही दोन लक्षणं दिसली की मी पुढे बघतच नाही.

मग रंग. मानेजवळ मागून मोबाइलचा दिवा धरा. वीस वर्षांच्या मेदोकचा गाभा अजून लाल हवा. कडेला विटकरी छटा असणं ठीक. सगळीच काळ्या चहासारखी तपकिरी दिसत असेल तर ती संपली.

लेबलवर मात्र जीव टाकू नका. ओलीने फुगलेलं, बुरशीचे ठिपके पडलेलं लेबल नव्या ग्राहकाला घाण वाटतं. मला ते दिसलं की बरं वाटतं, कारण तळघर दमट होतं आणि बूच सुकलेलं नाही, याची ती खूण असते. भेट द्यायची असेल तर गोष्ट वेगळी. पण स्वतः प्यायची असेल तर खराब लेबलची, भरल्या मानेची बाटली थोडी स्वस्त मागा आणि घेऊन या. उलट साठ वर्षांची बाटली आणि कोरं करकरीत लेबल, हे दिसलं की सावध व्हा.

नकली बाटल्यांचा धंदा मुख्यतः फार महाग नावांत चालतो. 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात पोंसो घराण्याच्या क्लो सँ-दनी या बर्गंडीच्या 1945 ते 1971 च्या बाटल्या आल्या होत्या, आणि त्या घराण्याने ती वाइन बनवायला सुरुवातच केली होती 1980 च्या दशकात. लोराँ पोंसो स्वतः तिथे गेले आणि बाटल्या मागे घ्यायला लावल्या. त्या विकायला आणणारा रूडी कुर्नियावान 2013 मध्ये दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. साठ युरोच्या मेदोकची नक्कल करून कुणाला फारसं काही मिळत नाही, म्हणून आपल्या टप्प्यात ही भीती फार बाळगू नका. उघडल्यावर बुचावर छापलेलं शातोचं नाव आणि साल लेबलशी जुळतं का, एवढं बघा.

बुचाच्या दोषाची गोष्ट निराळी. भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा ओल्या गोणपाटाचा वास आला, तर त्या बाटलीच्या बुचातच दोष होता. साठवण कितीही चांगली असली तरी तो टळत नाही. जुन्या बाटलीबाबत अशा वेळी दुकान पैसे परत देतं का, हे विकत घेतानाच विचारून ठेवा.

घरी आणणं आणि उघडणं

कुरिअरने मागवायची तर ऑक्टोबर ते एप्रिल. जुलै-ऑगस्टमध्ये तापलेल्या गाडीतून दोन दिवस फिरलेली बाटली म्हणजे तळघरातली वीस वर्षं वाया. भारतात नेताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त नेता येतं, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. त्याहून जास्त न्याल तर जबर कर भरावा लागतो. बाटली फुगे असलेल्या प्लास्टिकमध्ये आणि मग दोन जाड स्वेटरांत गुंडाळून चेक-इन सामानात, बॅगेच्या मधोमध ठेवा.

पोचल्यावर लगेच उघडू नका. प्रवासात गाळ ढवळलेला असतो, त्याला दोन-तीन आठवडे बसू द्या. आणि पुणे-नागपूरच्या कपाटात ती पुढच्या दिवाळीपर्यंत ठेवूही नका. एप्रिल तिला मारेल. वाइनचा फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्याजवळ, महिना-दोन महिने राहील. मुरण्याचं काम तळघरात झालेलं आहे, आता ती प्यायचीच आहे.

आदल्या दिवशी बाटली फ्रिजमध्येच उभी करा. गाळ तळाशी येईल. जेवणाच्या तासभर आधी बाहेर काढा, म्हणजे 16 ते 18 अंशांवर येईल. आपल्या हवेत 'खोलीच्या तापमानाला' ही सूचना पाळली तर वाइन कोमट होते. बूच जुनं आणि भुसभुशीत असतं. स्क्रूने ते तुटतं. दोन पात्यांचं ओपनर मिळतं, त्याची पाती बूच आणि काच यांच्यामध्ये सरकवून, पिळत पिळत बूच वर घ्या. मग काचेच्या चंबूत, मानेखाली मोबाइलचा दिवा धरून, न थांबता सावकाश ओता. मानेशी गाळाची काळी रेघ दिसली की थांबा. वीस वर्षांच्या बाटलीला अर्धा तास हवा लागू दिली तर चालते. तीसच्या पुढच्या बाटलीचा वास हवेत भराभर उडतो, तेव्हा ती ओतली की लगेच वाढा.

सोबत तिखट नको. लाल रश्शापुढे ही वाइन मुकी होते. मीठ-मिरी लावून मंद आचेवर भाजलेलं मटण, किंवा शाकाहारी घरात लोण्यावर परतलेली अळंबी. दादाकडे गेल्या वर्षी आम्ही 2001 ची कांतमेर्ल अशीच अळंबीबरोबर उघडली. आईने वास घेतला आणि म्हणाली, "हा आजोबांच्या कागदपत्रांच्या पेटीचा वास आहे." मग तिने दुसऱ्यांदा ग्लास पुढे केला.

बाटलीच्या तळाशी दोन बोटं गाळाळ वाइन उरते. ती टाकू नका. कापडातून गाळून घ्या आणि दुसऱ्या दिवशी मटण शिजत आलं की त्यात घाला.